मी चित्र करलं!

सांगली,
श्रावणातला दुसरा सोमवार

प्रिय शैलू,

तुझा परवाचा साडेसात मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. एकदा मेथी निवडताना आणि एकदा नीट बसून. त्यात तू दोन रडगाणी गायलीस. एक गुडघ्याचं. त्यावर माझ्याकडे उपाय नाही, माझाच उजवा गुडघा जिना दिसला की रुसतो. दुसरं तुझ्या नातवाच्या, नीलच्या मराठीचं. ‘‘सगळं कच्चं आहे गं, तुझ्यासमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं,’’ म्हणालीस. त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर तो मला म्हणाला, ‘‘मंगलआजी, आपण बागेत जाऊ.’’ आणि तू मागून लगेच, ‘‘आपण नाही रे, आम्ही. आम्ही बागेत जातो, असं म्हण.’’ पोरगं बिचारं गप्पच झालं.

त्या ‘आपण’वरून मला तुझ्याशी भांडायचं आहे. पण भांडण शेवटी, आधी आमच्या रेवाचं ऐक. मेसेजच पाठवला असता, पण तू दोन मिनिटं झाली की दीडपट वेगानं ऐकतेस हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून पत्र.

रेवाला आषाढात ३ वर्षं पूर्ण झाली. सध्या ती ‘केलं’ म्हणत नाही, ‘करलं’ म्हणते. ‘‘आजी, मी चित्र करलं!’’ झुरळ मेलं नाही, ‘मरलं’. बाबा ऑफिसातून आला नाही, ‘येला’. गंमत म्हणजे सव्वादोन वर्षांची होती तेव्हा ती चक्क ‘केलं’, ‘आला’ असं बरोबर बोलायची. मध्येच कुठेतरी गाडी रुळावरून घसरली.

३१ वर्षं मराठी शिकवलेली बाई मी. घरात उठता-बसता ‘करलं’ ऐकून गप्प कशी राहणार? एक दिवस तिला समोर बसवलं.

‘‘केलं म्हण.’’

‘‘केलं.’’

‘‘शाब्बास! काय केलंस?’’

‘‘चित्र करलं!’’

असं पाच वेळा झालं. सहाव्या वेळी ती माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागली, की आजीला बहुतेक ऐकू कमी येतं. डेव्हिड मॅकनील नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९६६ साली असाच एका आईचा आणि मुलाचा संवाद छापला होता. आईनं मुलाचं एकच वाक्य आठ वेळा दुरुस्त केलं. शेवटी पोराच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि त्यानं मूळ चूक तशीच ठेवून वर एक नवी घातली! वाचून मला फार बरं वाटलं. म्हणजे मी एकटी नाही.

मग डोक्यात आलं, ही ‘करलं’ शिकली कुणाकडून? घरात मी, हे, रेवाचे आईबाबा, दादा आणि भांड्यांना येणाऱ्या मावशी. एकाच्याही तोंडी ‘करलं’ नाही. म्हणजे जे कुणी बोललेलंच नाही, ते ही ठासून बोलते. आणि तुला आपलं बी.एड. आठवतंय ना? ‘मूल भाषा कसे शिकते?’ उत्तर: अनुकरण, सराव आणि शाबासकी. हे तीन मुद्दे तू तळहातावर लिहून नेले होतेस आणि घामानं ‘सराव’ पुसला गेला होता. दाणा मिळाला की कबूतर शिकतं, शाबासकी मिळाली की मूल शिकतं, हे स्किनरचं कबूतर आपण महिनाभर घोकलं. हाच हिशेब भाषेला लावून स्किनरनं १९५७ साली ‘व्हर्बल बिहेव्हिअर’ हे जाडजूड पुस्तक लिहिलं. दोन वर्षांनी, १९५९ साली, नोम चॉम्स्की नावाच्या तिशीतल्या प्राध्यापकानं ‘लँग्वेज’ या नियतकालिकात त्याचं तिसेक पानांचं परीक्षण लिहिलं. परीक्षण कसलं, सालं काढली पुस्तकाची. आपण बी.एड. झालो १९८२ साली. तोवर २३ वर्षं उलटली होती, पण आपल्या नोट्सपर्यंत ती बातमी काही पोचली नव्हती.

चॉम्स्कीचं म्हणणं आपल्या भाषेत सांगायचं तर असं: मूल वाक्यं साठवत बसत नाही, ते नियम शोधतं. आणि कसले नियम शोधायचे याचा अंदाज ते जन्मतःच घेऊन येतं. जगातल्या सगळ्या भाषा वरून कितीही वेगळ्या दिसल्या, तरी आतून त्यांचा सांगाडा एक आहे. त्याला तो ‘वैश्विक व्याकरण’ म्हणतो. बाळ सांगलीत जन्मो नाहीतर व्हँकुव्हरला, सांगाडा घेऊनच येतं, त्यावर मांस चढतं ते कानावर पडणाऱ्या भाषेचं. पक्ष्याला उडायला जसं शाळेत घालावं लागत नाही, तसं. जन्मजाततावाद म्हणतात तो हा.

आता रेवाचं ‘करलं’ बघ. भर–भरलं. धर–धरलं. चर–चरलं. मग कर? करलं! नियमानं बघितलं तर रेवा बरोबर आहे, ‘केलं’च वाकडं आहे. आधी ती ‘केलं’ म्हणायची ते नुसतं ऐकून उचललेलं होतं. आता तिला नियम सापडलाय आणि नवी शिलाई मशीन घेतलेली बाई दिसेल त्या कापडाला शिवण घालते, तशी ती तो लावत सुटलीय. ज्याला मी चूक म्हणत होते, ती तिची प्रगती होती.

खात्री करायला मी एक उद्योग केला. १९५८ साली जीन बर्को या बाईनं मुलांना न पाहिलेल्या प्राण्यांची चित्रं दाखवून, त्यांना खोटी नावं देऊन, ‘हे दोन झाले तर काय म्हणाल?’ असं विचारलं होतं. मुलांनी न ऐकलेल्या शब्दांची अनेकवचनं बरोबर केली. मी एका जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर भोपळ्याच्या पोटाचा, दोन पायांचा एक प्राणी काढला.

‘‘हा बघ डुग्गा. आता आणखी एक आला. आता झाले दोन...?’’

‘‘डुग्गे!’’

‘‘आणि ही झिपली. आता या दोन...?’’

‘‘झिपल्या. तिला शेपूट काढ.’’

शेपूट काढलं. मग मी नपुंसकलिंगाकडे वळले. ‘‘हे फुमकं. आता ही दोन...?’’ मला हवं होतं ‘फुमकी’. ती थोडा वेळ थांबली, ‘‘दोन फुमकं,’’ म्हणाली आणि पळून गेली. तीनपैकी दोन. माझ्या वर्गात ती पास झाली असती. डुग्गा आणि झिपली हे शब्द मी त्याच सकाळी दात घासताना बनवले होते, त्यामुळे पाठांतराचा संशयही घेता येत नाही.

पण शैलू, मला खरी चपराक बसली ती जेवणाच्या ताटावर. नववीच्या मुलांना ‘प्रयोग’ शिकवताना आपलं रक्त आटायचं, आठवतं? कर्तरी, कर्मणी, भावे. दर वर्षी निम्मा वर्ग चार मार्कांवर पाणी सोडायचा. परवा दुपारी रेवा जेवत होती. ‘‘मी पोळी खाते,’’ म्हणाली. कर्तरी. पाच मिनिटांनी, ‘‘मी पोळी खाल्ली, दादानं भात खाल्ला.’’ कर्मणी, दोन्ही उदाहरणं बिनचूक. तेवढ्यात आतून दादाचं रडणं आलं आणि बाईसाहेबांनी लगेच खुलासा केला, ‘‘मी दादाला मारलं नाही!’’ भावे! मारलं होतं, ते सोड. प्रयोग बरोबर होता.

जरा विचार कर, हे केवढं अवघड आहे. ‘खाते’ म्हणताना क्रियापद तिच्याकडे बघतं, ‘खाल्ली’ म्हणताना पोळीकडे. ‘दादानं’मध्ये निदान ‘नं’ तरी दिसतं, पण ‘मी’ दोन्हीकडे तसाच्या तसा, काही खूण नाही. बरं, भूतकाळात नेहमी खाल्लेल्या वस्तूकडे बघायचं असा नियम धरावा, तर ‘मी दूध प्यायले’ आडवं येतं. तिथे दुधाकडे कुणी बघत नाही. हा फरक मी रेवाला सांगितलेला नाही. तिच्या आईला तर तो फरक आहे हेच माहीत नाही. ती आयटीत आहे, आणि तिलाही मराठी माझ्यासारख्याच एका बाईनं शिकवलं होतं.

चॉम्स्कीचा मुख्य मुद्दा इथेच येतो. मुलाच्या कानावर पडतं ते फार तोकडं असतं, आणि त्यातून ते जे उभं करतं ते फार मोठं. आपण घरात काय बोलतो ते कधी ऐकलंस? ‘‘अगं ते हे दे ना... ते नाही गं, ह्याच्यातलं ते.’’ आमच्याकडे ह्यांची निम्मी वाक्यं क्रियापदापर्यंत पोचतच नाहीत, हातवाऱ्यांवर भागतं. अर्धवट, तुटकी, मध्येच फोन वाजून सोडून दिलेली वाक्यं. असल्या बाजारातून हे पोर तीन वर्षांत तीन लिंगं, तीन प्रयोग आणि त्यांचे अपवाद घरी घेऊन येतं.

आणि आपण दुरुस्त करतो म्हणून शिकतात म्हणावं, तर आपण दुरुस्त करतो काय? हार्वर्डच्या रॉजर ब्राऊननं मुलांच्या घरी टेपरेकॉर्डर नेऊन वर्षानुवर्षं बोलणं टिपलं. १९७० साली त्यानं आणि कॅमिल हॅनलननं दाखवलं, की आईबाप मुलाचं व्याकरण तपासत नाहीत, खरंखोटं तपासतात. आमच्याकडे तेच. रेवा ‘‘आजोबा आली!’’ म्हणाली की सगळे खूश, कारण आजोबा खरंच आलेले असतात. आणि कुत्र्याकडे बोट दाखवून ‘‘ती मांजर आहे’’ असं व्याकरणशुद्ध वाक्य बोलली की लगेच ‘‘नाही गं, भूभू!’’

एवढं वाचून तू म्हणशील, मग सगळं आतच असेल तर आपण तोंड कशाला वाजवायचं? हा प्रश्न अकबरालाही पडला होता. अबुल फझलच्या ‘अकबरनामा’त ती हकीगत आहे. माणूस ऐकून बोलायला शिकतो, असं बादशहाचं मत होतं. ते ताडून बघायला त्यानं तान्ही मुलं एका वेगळ्या वास्तूत ठेवली, तोंडातून शब्द न काढणाऱ्या दायांच्या हाती दिली आणि बाहेर पहारा बसवला. लोक त्या वास्तूला ‘गुंग महल’, म्हणजे मुक्यांचा महाल, म्हणायला लागले. १५८२ साली तो बघायला गेला, तर आतून मुक्यांचे आवाज तेवढे आले. शब्द एकही नाही. कानावर भाषाच पडली नाही, तर आतल्या सांगाड्याचं काही होत नाही. त्या बाळांचा विचार केला की पोटात कालवतं.

याच्या उलट गोष्ट निकाराग्वाची. १९७९च्या क्रांतीच्या सुमारास मानाग्वा शहरात बहिऱ्या मुलांच्या शाळांत पहिल्यांदाच शेकडो मुलं एकत्र आली. तोवर ती आपापल्या घरी, घरच्या चार खुणांवर जगत होती. शिक्षक त्यांना स्पॅनिशमध्ये ओठ वाचायला शिकवत होते आणि ते फारसं कुणाला जमत नव्हतं. पण मैदानात आणि शाळेच्या बसमध्ये मुलांचे हात चालू होते. १९८६ साली ज्युडी केगल ही भाषाशास्त्रज्ञ तिथे गेली, तेव्हा नवी खूणभाषा जन्माला येत होती. सगळ्यात नवल म्हणजे लहान वयात आलेली मुलं थोरल्यांपेक्षा पक्की भाषा बोलत होती. ॲन सेन्घासनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवलेलं उदाहरण मला फार आवडतं. उतारावरून गडगडत खाली येणं सांगायचं असेल, तर थोरले हातानं ते एका झटक्यात, नक्कल करावी तसं दाखवत. धाकटे त्याचे दोन शब्द करत: एक खूण ‘गडगडणं’, दुसरी ‘खाली येणं’. नकलेचे तुकडे केले, तुकडे पुन्हा जोडले, म्हणजे व्याकरणच की! ते त्यांना शिकवणारं माणूस जगात नव्हतं. कधीकधी वाटतं, त्या गुंग महालातही मुलांचे हात काही बोलत असतील का? बादशहाला कानांनीच ऐकायचं होतं. हातांकडे बघायचं कुणाला सुचलं असेल?

आता तुझ्या गावची, व्हँकुव्हरची गोष्ट. तुमच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाशी जोडलेल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज या दोघांनी १९८४ साली एक अभ्यास छापला. इंग्रजी घरातल्या तान्ह्या बाळांना त्यांनी हिंदीतले ‘ट’ आणि ‘त’ ऐकवले. आवाज बदलला की बाळानं मान वळवायची. बरोबर वळवली की खोक्यातलं खेळण्याचं जनावर उजेडात येऊन हलायचं. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना ‘ट’ आणि ‘त’ वेगळे ऐकू आले. तेही इंग्रजी बाळांना! दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी मात्र फारच थोड्यांना. म्हणजे बाळ सगळ्या जगाचे कान घेऊन येतं आणि पहिल्या वाढदिवसापर्यंत घरात जे ऐकू येत नाही ते बाजूला टाकतं. तुझी सून ‘ताट’ला ‘टाट’ म्हणते म्हणून तू हसतेस ना? तिनं तो ‘त’ वर्षाची व्हायच्या आतच टाकून दिलाय. नीलनं टाकला नाही, कारण तू पहिल्या दिवसापासून त्याच्या पाळण्यापाशी बसून ‘तात्या’ आणि ‘टोपी’ केलंस. तुझं काम झालंय, शैलू.

पण चॉम्स्कीची आरती करून थांबले तर तू म्हणशील, मंगल एकाच बाजूनं बोलते. दुसरी बाजूही जोरदार आहे. १९९६ साली जेनी सॅफ्रन आणि मंडळींनी आठ महिन्यांच्या बाळांना अर्थ नसलेल्या अक्षरांची अखंड माळ फक्त दोन मिनिटं ऐकवली. मध्ये कुठेही थांबा नाही. तरी कुठल्या अक्षरानंतर कुठलं पुन्हापुन्हा येतं यावरून बाळांनी ‘शब्द’ वेगळे ओळखले. म्हणजे पोटात व्याकरण असो नसो, डोक्यात हिशेबनीस आहे. मायकेल टॉमासेलो तर म्हणतो की भाषेचं वेगळं व्याकरण जन्मजात मानायची गरजच नाही. समोरच्याच्या मनात काय आहे हे ओळखायची हौस आणि सारखेपणा हेरायची बुद्धी, एवढ्यावर मूल वाक्य-वाक्य करत भाषा बांधतं. इकडे खुद्द चॉम्स्कीच्या पेटीतलं जन्मजात सामानही कमी होत गेलं. २००२ साली त्यानं दोघांबरोबर लिहिलेल्या लेखात तर, फक्त माणसाच्या भाषेचंच असं जे आहे ते बहुधा एकच, असं सुचवलंय: वाक्याच्या पोटात वाक्य घालत जायची शक्ती. आणि मुलांच्या कानावर आपण काय घालतो, त्याकडेही अभ्यासकांचं लक्ष गेलेलं आहे. आपल्या पुण्याच्या अशोक केळकरांनी १९६४ सालीच मराठी आयाआज्यांच्या लाडिक बोलण्यावर इंग्रजीत शोधनिबंध लिहिला होता. आपलं ‘मंमं’ आणि ‘भूर’ विद्वानांच्या पंगतीला बसून आलंय हे मला ठाऊकच नव्हतं!

मला विचारशील तर मी मध्ये कुठेतरी उभी आहे. रेवाच्या डोक्यात कर्मणी प्रयोग छापून आला होता, हे माझ्या पचनी पडत नाही. पण शेजारच्या बंगल्यातला पोपट रोज तीच भाषा ऐकतो आणि ‘करलं’ कधीच म्हणत नाही, हेही खरं. काहीतरी घेऊन आलेली असतात ही पोरं. काय ते पंडितांना ठरवू दे. आपल्या दोघींपुरतं एवढंच, की शिकवण्याचं काम आपलं नाही, बोलण्याचं आहे. ३१ वर्षं शिकवून हे मान्य करताना जिवावर येतंय, पण मुलाला लागतं ते मुबलक बोलणं. ते कमी पडलं तर गुंग महाल, आणि पुरेसं मिळालं तर आपल्या लाल पेनाची त्याला गरज नाही. तुला तिथे कुणीतरी सांगितलं ना, की दोन भाषांनी मूल गोंधळतं म्हणून घरी एकच ठेवा? ऐकू नकोस. दोन भाषांत वाढणारी मुलं बोलण्याचे टप्पे साधारण त्याच वयात गाठतात.

आणि आता भांडण.

त्या दिवशी कॉल सुरू झाल्यावर नील मला पहिलं वाक्य काय बोलला होता, आठवतं? मी विचारलं, ‘‘जेवलास का?’’ तर तो म्हणाला, ‘‘आम्ही पास्ता खाल्ला.’’ ‘आम्ही’. मी त्यात नव्हते, म्हणून ‘आम्ही’. (आणि ‘खाल्ला’! पास्त्याला पुल्लिंग कुणी दिलं, ते एकदा त्याला विचार.) मग पाच मिनिटांनी, ‘‘मंगलआजी, आपण बागेत जाऊ.’’ हा फरक तो पाळणाघरातून आणू शकत नाही. इंग्रजीत दोन्हीकडे एकच ‘वी’. आमचे हिंदी बोलणारे शेजारीसुद्धा ‘हम’वर भागवतात. मराठीत मात्र ऐकणारा धरला तर ‘आपण’, वगळला तर ‘आम्ही’. आणि तुझ्या तीन वर्षांच्या नातवानं एकाच कॉलमध्ये दोन्ही वापरले.

तू त्याला दुरुस्त केलंस, कारण मी सांगलीत आणि बाग तुमच्या घरामागे. भूगोलात तू बरोबर आहेस. पण व्याकरणात तो अजिबात चुकलेला नव्हता. त्यानं मला धरलं होतं गं.

तेव्हा त्याला सांग, आपणच जाऊ. आणि तो जे जे ‘चुकेल’ ते एका वहीत लिहून ठेव, तारीख घालून. दुरुस्त करू नकोस, ते आपोआप जाईल, आणि गेल्यावर आठवणारसुद्धा नाही.

गुडघ्याला तीळतेल लाव. सुनेला आशीर्वाद, नीलला पापा.

तुझी,
मंगल

ता. क. शेवटच्या पानावर निळं जे काही दिसतंय तो शाईचा डाग नाही, हत्ती आहे. रेवानं करलाय.